एकदाच झाली म्हणून ती स्पर्धा लुटुपुटूची ठरत नाही

‘ऑस्ट्रेलियाने स्वातंत्र्याची दोनशे वर्षे साजरी करण्यासाठी १९८८ मध्ये एक प्रदर्शनीय गोल्फ स्पर्धा भरवली, ती फसली, म्हणून पुन्हा झाली नाही,’ असे विधान गोल्फप्रेमींमध्ये बरेच फिरते आहे. ‘बायसेन्टेनिअल क्लासिक’ नावाची ही स्पर्धा झाली आणि एकदाच झाली, एवढाच त्यातला भाग खरा आहे.

पहिला आक्षेप ‘स्वातंत्र्य’ या शब्दाला आहे. २६ जानेवारी १७८८ रोजी कॅप्टन आर्थर फिलिप यांनी सिडनी कोव्ह येथे ब्रिटिश झेंडा फडकावला आणि कैद्यांची वसाहत सुरू झाली. द्विशताब्दी होती ती या घटनेची. तेथील ब्रिटिश वसाहतींचे मिळून ऑस्ट्रेलिया हे संघराज्य झाले ते १ जानेवारी १९०१ रोजी. आपला प्रजासत्ताक दिनही २६ जानेवारीलाच येत असल्याने आपल्याकडे हा गोंधळ होणे समजण्याजोगे आहे. पण तेथील आदिवासींच्या लेखी ती तारीख मुलूख गमावल्याची असून, १९८८ मध्ये त्याच दिवशी सिडनीत हजारोंचा निषेध मोर्चा निघाला होता.

‘प्रदर्शनीय’, म्हणजे नुसती दाखवण्यापुरती, हे विशेषण तर अधिकच चुकीचे आहे. डिसेंबरमध्ये रॉयल मेलबर्न गोल्फ क्लबच्या मैदानावर झालेली ही स्पर्धा व्यावसायिकांची होती आणि तिचा निकाल प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात, लागला: रॉजर डेव्हिस यांनी फ्रेड कपल्स यांना हरवले. डेव्हिस हे १९८६ च्या (गोल्फच्या) ऑस्ट्रेलियन ओपनचे विजेते आणि १९८७ च्या ब्रिटिश ओपनचे संयुक्त उपविजेते. अमेरिकेच्या कपल्स यांनी १९८४ मध्येच प्लेयर्स चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा जिंकली होती आणि पुढे १९९२ मध्ये ते मास्टर्स ही गोल्फमधील सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एकही जिंकणार होते. मैदानाची मुख्य आखणी नामवंत गोल्फ-मैदान रचनाकार ॲलिस्टर मॅकेन्झी यांची, आणि त्याच महिन्यात तेथेच झालेला गोल्फचा सांघिक विश्वचषक बेन क्रेनशॉ व मार्क मॅककंबर या अमेरिकी जोडीने नेला. अशा ठिकाणी, अशा खेळाडूंमध्ये प्ले-ऑफपर्यंत ताणलेल्या लढतीला दिखाऊ म्हणायचे असेल, तर खरी लढत कशाला म्हणायचे?

(मेलबर्न शहर वसले १८३५ मध्ये, द्विशताब्दीची स्पर्धा दीडशे वर्षांच्या शहरात व्हावी, ही त्यातली गंमत.)

राहिला ‘फसली’ हा आरोप. ज्या स्पर्धेच्या नावातच द्विशताब्दी आहे, ती १९८९ मध्ये कोणत्या निमित्ताने भरवायची? दरवर्षीच्या विजेतेपदासाठी १९०४ पासूनची ऑस्ट्रेलियन ओपन होतीच, आणि १९८८ मध्येही ती रॉयल सिडनी गोल्फ क्लब येथे वेगळी खेळली गेली. ती मार्क कॅल्कव्हेकिया यांनी जिंकली.