मत फोटोला की ओळखीला?

आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर आज 'महिन्याचा फोटो' जाहीर झाला आणि डोकंच फिरलं. जिंकलेल्या महाशयांनी आठवडाभर इनबॉक्समध्ये लिंक पाठवून मतं गोळा केली होती. मलाही आली होती. 'तुम्ही मला द्या, पुढच्या वेळी मी तुम्हाला देतो', इतकं उघड! आणि याला म्हणायचं कलाकारांनी कलाकाराला दिलेली दाद?

त्याच स्पर्धेत एका ताईंचा फोटो होता. कोळ्याचं जाळं, प्रकाश मागून, एकच धागा तुटून लोंबतोय आणि नजर बरोबर तिथेच जाऊन थांबते. मतं मिळाली बोटांवर मोजण्याइतकी. कारण ताई कुणाला लिंक पाठवत नाहीत. त्या नवख्यांच्या फोटोंखाली बसून लिहितात. मी पहिल्यांदा चतुराचा फोटो टाकला, तेव्हा बाकीचे अंगठा दाखवून पुढे गेले. एकट्या ताईंनी लिहिलं, 'फोकस पंखावर गेलाय, डोळ्यावर हवा. ॲपर्चर जरा बंद कर, एफ ११ करून बघ.' म्हणजे लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र लहान कर. मॅक्रो, म्हणजे चिमुकल्या गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढणं, मी तिथून शिकलो. अशा माणसासाठी ग्रुपकडे साधा बॅजसुद्धा नाही!

मान्य, जिंकलेला फोटो टाकाऊ नव्हता. रंग ताणलेले होते, पण बरा होता.

म्हणून हे चालवून घ्यायचं? विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांत २०१५ साली याद्या ठरवून नामांकनं भरली गेली, तेव्हा मतदारांनी पाच विभागांत 'कुणालाच नको' असा कौल दिला. आपल्याकडे तो पर्यायच नाही, आणि असता तरी किती जणांनी वापरला असता?

बरं, मत देणारे सगळेच लबाड असतात असंही नाही. एका फोटोखाली लाइकचा ढीग दिसला की आपलाही हात तिकडेच जातो. २००६ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. १४ हजारांवर लोकांसमोर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली. इतरांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलं हे ज्यांना दिसत होतं, त्यांच्यात पुढची गाणी आणखी पुढे गेली, मागची आणखी मागे पडली. कुठलं गाणं वर जाईल याचा नेमही राहिला नाही. गाणी तीच होती! मग निकाल लागेपर्यंत आकडे झाका ना. फोटोवरची नावंही झाका. अवघड काय आहे त्यात?

ॲडमिनना हेच लिहिलं, तर उत्तर आलं, 'एवढं मनावर घेऊ नका, गंमत असते.' गंमत कुणाची? ताईंसारखी माणसं एक दिवस मुकाट्याने निघून जातात आणि नवख्यांना 'फोकस चुकलाय' सांगायला कुणी उरत नाही. आज ताईंनी विजेत्याचंही अभिनंदन केलंय, वर त्याच्या फोटोत क्षितिज किंचित तिरकं आहे हेही प्रेमाने सांगितलंय. ते वाचून मला भरून आलं.

ग्रुपमध्ये असाल तर ॲडमिनच्या पोस्टखाली नावं झाकण्याची मागणी लिहा. आणि ताईंच्या त्या जाळ्याच्या फोटोखाली काय आवडलं ते सविस्तर लिहा. नुसता अंगठा नको.