रिक्षाचे मागचे टायर जोडीने बदला, आणि त्याचे पैसे मालकाने द्यावेत

मे महिना संपत आला की आमच्या कल्याणच्या स्टँडवर पावसाळ्याच्या तयारीची चर्चा सुरू होते. हूडला ठिगळ मारायचं, वायपर बघायचा, बाजूचे पडदे शिवून घ्यायचे. टायरचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि "अजून एक पाऊस काढेल" एवढ्यावर मिटतो. मला हे पटत नाही. स्टँडवर मी हे तोंडावर बोलतोच, आज इथे सविस्तर लिहितोय. रिक्षा चालवणाऱ्यांनी वाचा, रोजच्या भाड्याने गाडी शिफ्टवर देणाऱ्या मालकांनी वाचा आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या ताई-दादांनीही वाचा.

रिक्षाला चाकं तीन, पण तिघांच्या वाट्याला सारखं काम येत नाही. पुढचं चाक गाडी वळवतं. इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे, इंजिनाचा जोर जातो तो मागच्याच दोन चाकांना, आणि तीन सीट, म्हणजे प्रवासी, बसतात त्याही नेमक्या त्यांच्यावर. म्हणून मागचे टायर आधी घासतात. शेअर लाइनवरच्या गाडीची मागची जोडी एक वर्ष निघाली तरी खूप झालं.

त्यात हे चाक मुळात स्कूटरचं. इटलीच्या पिआज्जो कंपनीने 1946 साली व्हेस्पा स्कूटर आणली आणि 1948 साली तिच्याच मागे दोन चाकं लावून आपे नावाची तीनचाकी काढली. पुढे पिआज्जोशीच करार करून बजाजने आपल्याकडे स्कूटर आणि रिक्षा बनवायला घेतल्या. आज बजाजच्या रिक्षा वाळूजला बनतात, पिआज्जोच्या बारामतीला, म्हणजे दोन्ही आपल्याच घरच्या. हँडल स्कूटरचं राहिलं तसं चाकही राहिलं. बजाजच्या टायरवर वाचून बघा, 4.00-8 असं लिहिलेलं असतं. त्यातला आठ म्हणजे रिमचे इंच. एवढंसं चाक एका फेऱ्यात साधारण 1.3 मीटर जातं, म्हणजे किलोमीटरला साडेसातशेच्या वर फेरे. दिवसाला शंभर किलोमीटर गाडी पळाली की पाऊण लाख फेरे झाले. मोटारीचं मोठं चाक ज्या खड्ड्यावरून अलगद निघून जातं, त्यात हे चाक पूर्ण उतरतं आणि धक्का खाऊन वर येतं. अशा टायरकडून तो घासून गुळगुळीत गोटा होईपर्यंत काम करून घ्यायचं, वर चौथी सीट घ्यायची, आणि मग पावसात गाडी सरकली की रस्त्याला शिव्या द्यायच्या, हे बरोबर नाही.

आता जोडीचा मुद्दा. आपल्याकडे सर्रास काय चालतं? एक टायर फाटला की एकच नवा आणायचा, दुसऱ्या बाजूला जुनाच ठेवायचा. पैसे वाचल्यासारखे वाटतात. पण नवा आणि घासलेला यांच्या रबरात पाच मिलिमीटरचा जरी फरक असला, तरी दोन्ही चाकांच्या घेरात तीन सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. किलोमीटरला तो चोवीस-पंचवीस मीटर होतो. एवढं जास्तीचं अंतर लहान चाकाला फिरून भरून काढावं लागतं, आणि ते सांभाळतो डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर. डिफरन्शियल वळणासाठी दिलाय. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, तेवढ्यापुरतं त्याचं काम. इथे तो सरळ रस्त्यावरही सकाळपासून रात्रीपर्यंत राबतो. त्याच्या कामाला गॅरेजवाला किती घेतो ते विचारा आणि एका टायरमागे खरंच किती वाचले ते बघा.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची. रिक्षात पायाचा एक ब्रेक तिन्ही चाकांना लागतो. कोरड्या रस्त्यावर मागचे दोन टायर वेगवेगळे असले तरी गाडी निभावून नेते. ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर आधी सुटतो, नक्षीवाला धरून ठेवतो, आणि गाडी धरलेल्या बाजूला फिरते. पाठीमागे फक्त दोनच पाय टेकलेत, पुढे एकच. सावरायला जागा कुठे?

मागच्या पावसाळ्यात पत्रीपुलाच्या उतारावर मी हे समोर पाहिलं. शिफ्टवर चालवणारा एक पोरगा, गाडी चालवायला अगदी शांत, स्पीडही बेताचा. पुढे बाइकवाल्याने अचानक ब्रेक मारला, यानेही दाबला आणि रिक्षा आडवी होऊन कठड्याच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. मागे एक आजी आणि त्यांची नात होती. नशिबाने मागून बस नव्हती, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी खाली उतरून त्याच्या गाडीची चाकं बघितली. उजव्या टायरला नक्षी होती. डाव्याच्या मधल्या पट्ट्यात रबर संपून आतल्या नायलॉनचे पांढरे धागे वर आले होते. हात फिरवला तर बोटांना ओरखडे लागत होते. मी म्हटलं, "अरे, असा कसा चालवतोस?" तो म्हणाला, "काका, मालकाला दोनदा सांगितलं. मालक म्हणाले, पासिंग आलं की बघू."

या "पासिंग आलं की बघू"ने फार नुकसान केलंय. पासिंग म्हणजे आरटीओची गाडी तपासणी. आठ वर्षांपर्यंतच्या रिक्षाला ती दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. मधल्या सगळ्या दिवसांत टायर बघायला कुणी येत नाही. आणि पासिंगच्या दिवशी काय होतं ते आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुणाकडून तरी चांगली जोडी मागून आणायची, शिक्का मिळाला की संध्याकाळी परत करायची आणि आपले गोटे पुन्हा चढवायचे. नियमात तीनचाकीच्या टायरला 0.8 मिलिमीटर खाच शिल्लक असली तरी चालते. माझं स्पष्ट मत आहे की पावसाळ्यात सीट भरून धावणाऱ्या गाडीला तेवढी पुरत नाही. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, झिजेची खूण म्हणून दिलेले. टायरच्या कडेला त्या जागी टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं. रबर झिजत त्या उंचवट्याच्या जवळ आलं की जोडी काढायची, त्याच्या बरोबरीला यायची वाट बघायची नाही.

याहून वाईट म्हणजे खाचा कापून घेणं. गुळगुळीत टायरवर तापलेल्या पात्याने नवीन नक्षी कोरून देतात. लांबून टायर नवा दिसतो. पण मुळात रबरच उरलेलं नसतं, त्यात आणखी खोल कापलं की पातं थेट धाग्याला लागतं. उन्हात गाडी भरून चालली की तिथूनच टायर फुगतो आणि फुटतो. रबर मारलेल्या, म्हणजे जुन्यावर नवीन रबराचा थर चढवलेल्या टायरबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत. मी माझ्या गाडीला मागे तो लावत नाही, आणि कुणी विचारलं तर लावू नका म्हणूनच सांगतो.

टायर बदलताना दुकानात उभं राहा. चहाला जाऊ नका. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. 2224 म्हणजे 2024 सालचा बावीसावा आठवडा. गोडाउनात वर्षानुवर्षं पडलेला माल असेल तर हात जोडून परत करा. नवीन टायरबरोबर ट्यूबही नवीन घ्या. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, आत घडी पडते आणि घडीवर पंक्चर होतं. ट्यूबला पावडर लावून घ्या. आपली ट्यूबवाली रिम दोन अर्ध्या भागांची असते, नटांनी जोडलेली. ट्यूबमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय ते नट खोलायचे नाहीत. घाईत चाकाच्या नटाऐवजी रिमच्या नटाला पाना लावला तर रिम उडते आणि हाताबोटांवर बेतते. जोडताना दोन भागांच्या मध्ये ट्यूब चिमटली नाही ना, हे थोडी हवा भरून बघायचं, मग नट आवळायचे. पंक्चरवाला ओळखीचा असला तरी हे आपण बघायचं. काही नव्या गाड्यांना ट्यूबलेस येतात, त्यांची ही कटकट नाही.

काढलेल्या जोडीतला बरा टायर पुढे टाकायची सवयही सोडा. पुढचं चाक एकटं आहे, त्याला जोडीदार नाही. फारच बरा असेल तर स्टेपनीला ठेवा, पंक्चर झालं तर घरी पोचण्यापुरता.

आता पैसे. ब्रँडप्रमाणे ट्यूबसकट जोडी साडेतीन-चार हजारांत बसते. स्वतःची गाडी असेल तर रोजचे वीस रुपये बाजूला काढले की सहा महिन्यांत साडेतीन हजारांच्या वर जमतात. आमच्या इथले काही जण त्यासाठी भिशी लावतात, चांगली पद्धत आहे. खरा प्रश्न शिफ्टवाल्यांचा. गाडी मालकाची, परमिट मालकाचं, आणि टायर गोटा झाला की मालक म्हणतो, "तू चालवतोस, झीज तूच सोसायची." पंक्चर ड्रायव्हरने काढावं, हे मला मान्य आहे. गाडीत हवा नीट ठेवणं, रोज सकाळी चाकं बघणं, हेही त्याचंच काम. पण टायर हा गाडीचा भाग आहे. रोजचं भाडं मालक कशाचं घेतो? गाडीचंच ना? मग ती गाडी रस्त्यावर उभी राहील, थांबेल आणि वळेल अशी ठेवणं त्याच्याकडेच येतं. दिवसाला पाचशे-सहाशे घरी नेणाऱ्या पोराने चार हजार कुठून आणायचे? तो आणत नाही, तो तशीच चालवतो. आणि मग मागे बसलेल्यांचा जीव त्या धाग्यांवर असतो.

प्रवाशांनाही सांगतो. बसण्याआधी मागच्या चाकावर एक नजर टाका. नक्षी दिसत नसेल तर "दादा, टायर बघा जरा" एवढं म्हणा. शिफ्टवाला असेल तर रागावू नका, त्यालाही ते माहीत असतं. पण दिवसातून दहा जणांनी विचारलं की तो ते मालकाला सांगू शकतो, आणि मालकाला ते ऐकावं लागतं.

युनियनच्या पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे की शिफ्टचा व्यवहार ठरतानाच टायरचं लिहून घ्यायचं: मागची जोडी मालकाची, पंक्चर आणि हवा ड्रायव्हरची, आणि 1 जूनच्या आधी स्टँडवरच्या प्रत्येक गाडीची मागची चाकं आपणच तपासायची. ज्यांना पटतंय त्यांनी बैठकीला या, ज्यांना पटत नाही त्यांनीही या आणि समोर बोला. मालकांनाही मी स्वतः जाऊन बोलावणार आहे.