टब काढला म्हणून घराची किंमत पडत नाही

‘मास्टर बाथरूममधला टब कधीही काढू नका’ असा एक मेसेज अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच दावे आहेत. टब काढून वॉक-इन शॉवर, म्हणजे कड न ओलांडता आत जायचा शॉवर, बसवला की ती बाथरूम ‘फुल बाथ’, म्हणजे पूर्ण बाथरूम, राहत नाही, बँकेचा अप्रेझर, म्हणजे घराचं मूल्य ठरवणारा माणूस, ती अर्धीच धरतो. घराची किंमत दहा टक्क्यांनी उतरते. घरात टब असलाच पाहिजे असा कोडचा, म्हणजे बांधकाम नियमावलीचा, नियम आहे. लहान मुलं असलेली कुटुंबं असं घर घेत नाहीत. आणि वयस्कर माणसांसाठी टबात रबरी मॅट आणि भिंतीला चिकटवायचं हँडल पुरेसं आहे.

हा मेसेज न्यू जर्सीतल्या माझ्या ताईपर्यंत पोचला आणि तिने टब काढून शॉवर बसवायचं ठरलेलं काम थांबवलं. भाऊजी 74 वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कंत्राटदार ठरला होता, टाइल्सही निवडून झाल्या होत्या. ‘उद्या घर विकायचं म्हटलं तर नुकसान नको गं,’ म्हणाली. म्हणून हे लिहितेय, आणि रागानेच लिहितेय.

आधी अप्रेझरचं. अमेरिकेतली बरीचशी गृहकर्जं फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन संस्था बँकांकडून विकत घेतात. त्यांच्यासाठी होणारं घराचं मूल्यांकन ठरलेल्या साच्यातच लिहावं लागतं. युनिफॉर्म अप्रेझल डेटासेट हे त्या साच्याचं नाव, आणि 2011मध्ये तो सक्तीचा झाला. बाथरूम कशा मोजायच्या हे त्यात स्पष्ट लिहिलंय: थ्री-क्वार्टर बाथ, म्हणजे कमोड, सिंक आणि नुसता शॉवर असलेली बाथरूम, सर्व बाबतींत फुल बाथ म्हणूनच मोजायची. त्याला अपवाद ठेवलेला नाही. 2011च्या त्या साच्यात आकडा 2.1 असा लिहितात, म्हणजे दोन फुल आणि एक हाफ (हाफ म्हणजे नुसता कमोड आणि सिंक). ताईचं घर आज 2.1 आहे. मास्टरमधला टब काढल्यावरही ते 2.1च राहणार.

या गैरसमजाला थोडं मूळ आहे, एवढं मान्य करते. काही भागांतले रिअल्टर, म्हणजे घरविक्रीचे एजंट, लिस्टिंगमध्ये (घराच्या जाहिरातीत) अशा बाथरूमला थ्री-क्वार्टर म्हणतात. कुणीतरी ते वाचलं असेल आणि पुढे सांगताना पाऊणची अर्धी झाली असेल. पण लिस्टिंगमधली जाहिरात वेगळी आणि कर्जासाठीचं मूल्यांकन वेगळं.

दहा टक्के कुठून आले हे मेसेजमध्ये कुठेच नाही. साधा हिशोब करा. 6 लाख डॉलरचं घर असेल तर एका टबापायी 60 हजार डॉलर गेले म्हणायचे. ज्या ग्राहकाला तिथे टब हवाच आहे तो बसवून घेईल. प्लंबर, टाइल्स, मजुरी सगळं धरूनही तो खर्च 60 हजारांच्या जवळपास जात नाही. मग किमतीतून तो एवढे पैसे कशाच्या जोरावर कापून मागेल? उलट बाजूनेही सांगते, शॉवर बसवल्याने घराची किंमत वाढते असं कुणी म्हणत असेल तर तेही मानू नका. बाथरूमवर घातलेला पैसा घर विकताना बहुधा पूर्ण वसूल होत नाही. तो आपल्या सोयीसाठी घातलेला पैसा असतो, आणि भाऊजींच्या गुडघ्यासाठी तो घालायलाच हवा.

कोडबद्दलचा दावा तर सरळ खोटा आहे. बहुतेक राज्यांचे नियम ज्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेवर बेतलेले आहेत, तिच्यात प्रत्येक घरात कमोड, वॉशबेसिन आणि ‘टब किंवा शॉवर’ हवा असं म्हटलंय.

लहान मुलांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. घरात एकच टब असेल आणि आसपास तरुण कुटुंबं घरं घेत असतील, तर तो काढण्याआधी विचार करावा. तान्ह्या बाळाला टबात अंघोळ घालणं सोपं जातं, आणि घर बघायला आलेल्या आया हे बघतातच. पण ताईकडे हॉलमधल्या बाथरूममध्ये दुसरा टब आहे, तो कुणी काढत नाहीये. मेसेज लिहिणाऱ्याने ‘घरातला शेवटचा टब’ एवढे शब्द घातले असते तर निदान हा एक दावा बरोबर ठरला असता.

आता मॅट आणि हँडल. खरा संताप मला याच मुद्द्याचा आहे, कारण बाकीच्या चारांत जातील तर पैसे जातील, यात माणूस जायबंदी होईल.

आपल्याकडची वडीलधारी मंडळी त्या टबाचा वापर कसा करतात ते आठवा. टबात बादली, बादलीत तांब्या, शेजारी प्लास्टिकचं स्टूल. साध्या टबाची कड 14 ते 20 इंच उंच असते. ती ओलांडताना सगळा भार काही क्षण एकाच पायावर येतो, तोही ओल्या, साबण सांडलेल्या, गोलसर तळावर. अशा वेळी हात जवळ जे असेल ते धरतो: पडद्याचा दांडा, नाहीतर टॉवेलचा रॉड. दोन्ही माणसाचा भार पेलायला बनवलेले नसतात. रबरी मॅट तळावर घसरू देणार नाही कदाचित, पण कड तेवढीच उंच राहते. भाऊजींना अडचण कडेचीच आहे, गुडघा तेवढा वाकत नाही.

चिकटवायच्या हँडलचं तर विचारू नका. त्याचं रबर गुळगुळीत, अखंड टाइलवरच धरतं. दोन टाइल्सच्या मधल्या फटीवर आलं की हळूहळू हवा शिरते आणि पकड सुटते. वरून बघून ते कळतही नाही. अशा बऱ्याच हँडलांच्या पाकिटावर शरीराचा पूर्ण भार टाकू नये अशी सूचनाच असते. खरा ग्रॅब बार, म्हणजे आधाराचा पक्का दांडा, भिंतीच्या आतल्या लाकडात स्क्रूने बसवतात आणि त्याने किमान 250 पौंड भार पेलावा अशी अपेक्षा असते. भिंत उघडलेली असताना आत लाकडी पट्टी ठोकून घेतली की हवा तिथे बार लावता येतो, म्हणून हे काम शॉवर बसवतानाच करायचं.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, 2008ची आकडेवारी काढली होती. त्या एका वर्षात 15 वर्षांवरच्या अंदाजे 2 लाख 34 हजार जणांना बाथरूममधल्या दुखापतींसाठी इमर्जन्सीत जावं लागलं, आणि त्यातल्या 81 टक्के दुखापती पडल्यामुळे झाल्या. वयाबरोबर प्रमाण वाढत जातं, हेही त्यात आहे. ‘मॅट टाका, पुरेसं आहे’ असं फॉरवर्ड करणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

शॉवरच्या कामात घराची किंमत खरोखर पाडणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग कच्चं राहिलं तर पाणी खालच्या खोलीच्या छतात उतरतं. उतार फुटाला पाव इंच नसेल तर पाणी साचतं. टबाचा ड्रेन बहुधा दीड इंची असतो आणि शॉवरला बहुतेक ठिकाणी 2 इंची लागतो, ते बदलायला स्वस्तातले कंत्राटदार टाळाटाळ करतात. आणि परमिट, म्हणजे बांधकामाची सरकारी परवानगी, न काढता केलेलं काम विक्रीच्या वेळी खरेदीदाराचा वकील किंवा टाउनशिप, म्हणजे तिथली नगरपालिका, हमखास उकरून काढते. ताई, कंत्राटदाराला परत फोन कर, आणि पहिला प्रश्न हा विचार की परमिट कोण काढणार, तू की तो. टाइल्स लावायच्या आधी ड्रेन बंद करून शॉवरच्या तळात पाणी भरून रात्रभर ठेवायला सांग, आणि सकाळी पातळी तेवढीच आहे का, म्हणजे कुठे गळत नाही ना, ते स्वतः बघ.