बोल्टला हात लागला की क्लाइंबर बाटतो म्हणे

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ट्रेकिंग ग्रुपवर आला आणि प्रत्येक ठिकाणी खाली अंगठ्यांची रांग. म्हणणं थोडक्यात असं: खरं क्लाइंबिंग म्हणजे ट्रॅड, म्हणजे भेगांमध्ये स्वतःचे नट नि कॅम (दोर अडकवायची, नंतर काढून घेता येणारी धातूची साधनं) लावत चढायचं. दगडात आधीच ठोकलेल्या बोल्टवर चढणं (म्हणजे स्पोर्ट) ही चीटिंग, बोल्डरिंग, म्हणजे बुटक्या दगडांवर बिनदोराचं चढणं, हा पोरखेळ, कृत्रिम वॉलवर तयार झालेली पोरं खऱ्या कड्यावर टिकत नाहीत, स्पीड, म्हणजे घड्याळ लावून भिंत चढायची शर्यत, ही सर्कस, आणि दोरच न लावणारा सगळ्यात शुद्ध. शेवटी "योसेमिटीच्या जुन्या दिग्गजांनी बोल्टला कधी हात लावला नाही" (योसेमिटी म्हणजे कॅलिफोर्नियातलं मोठ्या कड्यांचं राष्ट्रीय उद्यान) आणि ग्रॅनाइटच्या भेगेत लटकलेल्या एका दाढीवाल्याचा फोटो. मला स्वतःला ट्रॅडच आवडतं, त्यामुळे ही काही स्पोर्टवाल्यांची वकिली नाही, पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य गंडलंय.

"जुन्यांनी बोल्टला हात लावला नाही." इथूनच सुरू करू, कारण हे सरळसरळ खोटं आहे. योसेमिटीतल्या एल कॅपिटन या कड्यावरची पहिली वाट, द नोज, वॉरन हार्डिंगच्या टीमने नोव्हेंबर १९५८ मध्ये पूर्ण केली, आणि शेवटच्या ओव्हरहँगवर (बाहेर झुकलेल्या भागावर) हा माणूस रात्रभर लटकून हाताने भोकं पाडत होता, २८ बोल्ट मारले आणि सकाळी वर पोचला. बरं, हार्डिंगला सोडा, तो बदनामच होता. त्याचा कट्टर विरोधक रॉयल रॉबिन्स, ज्याच्या नावाने लोक सोवळं पाळतात, त्याने १९६१ मध्ये चक प्रॅट आणि टॉम फ्रॉस्टबरोबर एल कॅपवरचीच सॅलाथे वॉल केली, तिच्यावरही १३ बोल्ट आहेत. म्हणजे भांडण बोल्ट असावा की नसावा याचं नव्हतंच, किती आणि कुठे याचं होतं.

आणि त्या दोघांचं वैर पण नीट समजून घ्या. १९५७ मध्ये योसेमिटीतल्याच हाफ डोमचा वायव्य कडा हार्डिंगला करायचा होता, रॉबिन्स आणि त्याचे दोन जोडीदार आधी करून मोकळे झाले, तर हा गडी मागच्या वाटेने चालत वर गेला आणि माथ्यावर त्यांचं अभिनंदन करायला उभा. पुढे १९७० मध्ये हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल एल कॅपच्याच एका कोऱ्या भिंतीवर २७ दिवस राहिले, खालून रेस्क्यू पाठवतो म्हणाले तर नको म्हणून सांगितलं, आणि वाटेत तीनशेच्या आसपास भोकं पाडली. रॉबिन्सचं डोकं फिरलं. १९७१ च्या सुरुवातीला तो डॉन लॉरियाला घेऊन तीच वाट चढायला गेला, हेतू हा की चढत जायचं आणि बोल्ट उडवत जायचं. पहिल्या काही पिचचे (दोराच्या एकेका लांबीच्या टप्प्यांचे) उडवलेसुद्धा. मग वरचं क्लाइंबिंग बघितलं तर हार्डिंगचं काम त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी अवघड आणि सरस निघालं, तेव्हा त्याने तोडणं थांबवलं आणि उरलेली वाट आहे तशी चढून गेला. मला या अख्ख्या इतिहासात हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो ग्रुपवर टाइप करत बसला नव्हता, प्रत्यक्ष त्या भिंतीवर जाऊन त्याने मत बदललं.

"बोल्ट म्हणजे चीटिंग." जॉन बाखर माहितीये ना, ऐंशीच्या दशकातला ट्रॅडचा सगळ्यात कडक माणूस? त्याची योसेमिटीच्याच तुओलमी मेडोज भागातली प्रसिद्ध वाट बाखर-येरियन, १९८१ ची, साधारण ५०० फूट, आणि तिच्यावर १३ बोल्ट. (तेराचा काय योग आहे कोण जाणे.) फरक एवढाच की ते त्याने खालून वर चढताना, दगडाच्या कंगोऱ्यांना अडकवलेल्या हुकवर लटकत मारले. वरून दोरावर उतरून निवांत ड्रिल करणाऱ्यांवर त्याचा राग होता. म्हणजे हा वाद धातूचा नाही, पद्धतीचा आहे. आणि जगात बहुधा सगळ्यात कडक नियम असलेली जागा, जर्मनीतला एल्बे सँडस्टोनचा भाग, तिथे नट नाही, कॅम नाही, चॉकसुद्धा (हाताचा घाम टिपणारी पावडर) नाही, भेगेत दोरीच्या गाठी अडकवायच्या. पण लोखंडी रिंगा आहेत! लांब लांब असतात, बघूनच घाम फुटतो, पण आहेत. कारण तो दगड मऊ आहे, कॅमने झिजतो, त्यामुळे तिथल्या लोकांनी दगड बघून नियम केले.

आपल्याकडे बघा की. सह्याद्रीचा बेसॉल्ट, भेगा असल्या तरी त्यात माती, गवत, ढिले दगड. एका सुळक्यावर मी अगदी मस्त बसलाय म्हणून कॅम लावला, जरा ओढून बघितला तर कॅमसकट नारळाएवढा तुकडा हातात आला, आणि खाली बिले देणारा, म्हणजे माझा दोर सांभाळणारा, मित्र नंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हता. तिथे योसेमिटीचं सोवळं पाळायला गेलात तर घरी परत याल याची खात्री नाही. उलट चांगली भेग असलेल्या ठिकाणी, जिथे नट झकास बसतो, तिथे शेजारी बोल्ट ठोकणारे पण भेटतात, त्यांच्यावर मी पण चिडतो. एवढं फॉरवर्डवाल्याचं मान्य.

"वॉलवरची पोरं कड्यावर टिकत नाहीत." लिन हिल. स्पर्धा जिंकून जिंकून नाव झालेली बाई, १९९३ मध्ये तिने द नोज फ्री केला, म्हणजे वर जाताना गिअरला धरून ओढायचं नाही, दोर फक्त पडलो तर. तोपर्यंत हे कुणालाच जमलं नव्हतं, पुरुषांना पण नाही, आणि पुढच्या वर्षी तिने तोच २४ तासांच्या आत केला. ॲडम ओंड्रा घ्या, स्पर्धा आणि स्पोर्ट यातच वाढलेला. टॉमी कॉल्डवेल आणि केविन जॉर्जसनने कित्येक वर्षं घासून जानेवारी २०१५ मध्ये एल कॅपवरचीच डॉन वॉल फ्री केली, शेवटचा प्रयत्नच १९ दिवसांचा. ओंड्रा २०१६ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा योसेमिटीत आला आणि त्याच ट्रिपमध्ये आठ दिवसांच्या एका सलग प्रयत्नात ती केली. आता बोला. हां, वॉलवरून थेट कड्यावर आलेल्याला अँकर (दोर बांधायची जागा) तपासता येत नाही, ढिला दगड ओळखता येत नाही, हे खरंय, पण ते शिकवायचं कुणी? आपणच ना.

"बोल्डरिंग पोरखेळ." योसेमिटीच्या कॅम्प ४ मध्ये, त्या दिग्गजांच्या तंबूंच्या मधोमध, एक मोठा दगड आहे. त्यावरचा मिडनाइट लाइटनिंग हा प्रॉब्लेम (बोल्डरवरच्या छोट्या वाटेला असंच म्हणतात) १९७८ मध्ये पहिल्यांदा केला रॉन कॉकने, आणि त्याच्यानंतर कुणी? बाखरने. तीच माणसं सकाळी मोठ्या भिंतीवर आणि संध्याकाळी त्या दगडावर. आणि एल कॅपवरची फ्रीरायडर ही वाट, जी ॲलेक्स होनॉल्डने ३ जून २०१७ ला दोराशिवाय केली, तिच्यावरच्या सगळ्यात अवघड पिचचं नावच बोल्डर प्रॉब्लेम आहे, आता यावर मी काय लिहू.

"स्पीड सर्कस." आवडत नाही तर बघू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये क्लाइंबिंगचे तिन्ही प्रकार एकत्र केले तेव्हा सगळेच वैतागले होते, बरोबरच होतं, म्हणून पॅरिसला स्पीडचं पदक वेगळं झालं. तिथे सॅम वॉटसनने १५ मीटरची भिंत ४.७४ सेकंदांत केली. मला तेवढ्या वेळात हार्नेसचं बकल लागत नाही.

"दोर न लावणारा सगळ्यात शुद्ध." याला मात्र मी हसत नाही, कारण ग्रुपवर एकोणीस-वीस वर्षांची पोरं आहेत. होनॉल्डने त्या ३ तास ५६ मिनिटांच्या आधी तीच वाट दोरावर पुन्हा पुन्हा घोटली होती, अवघड जागेची एकेक मूव्ह पाठ होती. म्हणजे ते सोलो (एकट्याने, दोराशिवाय चढणं) पण दोरावरच तयार झालं. आणि बाखर, आयुष्यभर सोलो करणारा, २००९ मध्ये घराजवळच्याच कड्यावर सोलो करताना पडून गेला. ५२ वर्षांचा होता. यात शुद्ध-अशुद्ध काय शोधायचं?

राहता राहिला तो फोटो. झूम करून बघा. दाढीवाल्याच्या हार्नेसला कॅम लटकलेत, जे रे जार्डिनने सत्तरच्या दशकात आणले तेव्हा तेव्हाच्या कट्टर ट्रॅडवाल्यांनी त्यांनाच चीटिंग म्हटलं होतं. आणि कमरेला मागे चॉकची पिशवी आहे, ती सवय पन्नाशीच्या दशकात क्लाइंबिंगमध्ये आणली जॉन गिलने, आधी जिमनॅस्ट आणि नंतर आयुष्यभर, अहो, बोल्डरर.