‘व्हीलबेस जुळला की काम झालं’: जुन्या वॅगनखाली नवी चासी घालण्याच्या सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या स्टेशन वॅगनला (डिकीऐवजी छताखाली सामानाची लांब जागा असलेल्या गाडीला) रोज चालवण्याजोगं कसं करावं, यावर एक सल्ला बराच फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ‘व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) जुळणारी नवी गाडी भंगारातून उचला, तिची बॉडी काढून टाका आणि वॅगनची बॉडी त्या चासीवर (चाकं आणि इंजिन धरणाऱ्या खालच्या सांगाड्यावर) ठेवा. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, डिस्क ब्रेक, एबीएस, सगळं तयार मिळतं. नुसतं इंजिन बदलण्यापेक्षा हे सोपं, स्वस्त आणि सुरक्षित.’

यातलं एकही विधान पूर्ण खरं नाही. अशा कामात चूक लक्षात येते तोवर फ्लोअर कापलेला असतो, म्हणून ग्राइंडर हातात घेण्याआधी एकेक मुद्दा तपासू.

‘कुठल्याही जुन्या वॅगनला जमतं.’

आधी तुमच्या वॅगनला वेगळी चासी आहे का ते बघा. १९६० ची फोर्ड फाल्कन वॅगन, व्होल्व्हो २४५, मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतली वॅगन, या सगळ्या मोनोकॉक गाड्या. त्यांचा फ्लोअर, सिल (दाराखालची कड), खांब आणि छत मिळूनच सांगाडा होतो. त्यांच्याखाली चासी घालायची तर फ्लोअर कापावा लागतो, आणि फ्लोअर कापला की उरलेल्या बॉडीत स्वतःचं वजन पेलण्याची ताकद राहत नाही. अशा गाडीत चासी बदलण्याचा विचारच सोडा. पुढच्या रेल (लांबीने जाणाऱ्या पोलादी तुळया) मजबूत करून इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन तेवढं बदला.

वेगळी चासी असली तरी तिची घडण बघायला हवी. १९५८ ते १९६४ च्या मोठ्या शेव्हरोले गाड्यांची चासी फुलीच्या आकाराची होती. सिलखाली बाजूच्या रेलच नव्हत्या. आजच्या चासीच्या बाहेरच्या रेल नेमक्या तिथेच येतात, जिथे या बॉडीचे सिल आणि फ्लोअरची कड आहे.

‘व्हीलबेस जुळला की बॉडी बसते.’

सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. एक खरी जोडी घेऊ. १९५५ ते ५७ च्या शेव्हरोले वॅगनचा व्हीलबेस ११५ इंच, फोर्ड क्राउन व्हिक्टोरियाचा ११४.७ इंच. फरक जेमतेम ८ मिलिमीटर. कागदावर याहून चांगली जोडी सापडणं कठीण. आता रुंदी बघा: शेव्हरोलेची बॉडी सुमारे १८८ सेंटिमीटर, क्राउन व्हिक्टोरियाची जवळपास १९९. चासीचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) त्या रुंद बॉडीसाठी आखलेला असल्यामुळे टायर मडगार्डच्या कडेला येतात, सस्पेन्शन दबलं की घासतात, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पत्र्यात घुसतात.

यावर ‘वेगळ्या ऑफसेटचे रिम लावून चाकं आत घ्या’ असं सांगितलं जातं. पण २००३ नंतरच्या क्राउन व्हिक्टोरियाचे रिम मुळातच खोल पॉझिटिव्ह ऑफसेटचे आहेत, म्हणजे चाकं आधीच आत ओढलेली आहेत. आणखी आत न्यायला तिथे फारशी जागा उरलेली नाही. मागचा अ‍ॅक्सल अरुंद करता येतो: नळ्या कापायच्या, सरळ रेषेत परत वेल्ड करायच्या आणि नवे अ‍ॅक्सल शाफ्ट करून घ्यायचे. पुढची बाजू मात्र अशी कापू नये. तिथे स्टिअरिंग रॅकच्या आतल्या सांध्यांचं अंतर कंट्रोल आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) सांध्यांच्या हिशोबाने ठरलेलं असतं. क्रॉसमेंबर (दोन रेल जोडणारी आडवी तुळई) अरुंद केला आणि रॅक तसाच ठेवला, तर प्रत्येक खड्ड्यात चाकं आपोआप आतबाहेर वळतात. बंप स्टिअर म्हणतात ते हेच, आणि अलाइनमेंट करून ते जात नाही.

म्हणून डोनर गाडी (जिची चासी वापरायची ती) विकत घेण्याआधी दोन्ही गाड्यांची ही मापं घ्या: पुढच्या चाकाच्या मध्यापासून फायरवॉलपर्यंतचं (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यापर्यंतचं) अंतर, त्याच मध्यापासून पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबापर्यंतचं, मागच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या दाराच्या चौकटीपर्यंतचं, हबच्या मध्यापासून फ्लोअरची उंची, आणि फायरवॉलखाली, मध्यावर व मागच्या अ‍ॅक्सलपाशी रेलची बाहेरची रुंदी. गाडी सपाट जमिनीवर, टायरमध्ये पूर्ण हवा भरून, स्वतःच्या वजनावर उभी असावी. ओळंबा सोडून प्रत्येक बिंदू खडूने जमिनीवर उतरवा आणि मग मोजा; पत्र्यावरून टेप फिरवून घेतलेलं माप धरू नका. पहिलं माप सगळ्यात महत्त्वाचं. व्हीलबेस तंतोतंत जुळूनही हे अंतर कमी भरलं, तर इंजिनचा मागचा भाग फायरवॉलमध्ये शिरतो आणि फायरवॉल खोलगट करून पेडल, हीटर, वायपर सगळं हलवावं लागतं.

‘बॉडी उचलायची, ठेवायची, बोल्ट आवळायचे.’

जुन्या वॅगनचा फ्लोअर साधारणपणे रेलच्या वर बसतो. नव्या पेरिमीटर चासीत रेल कडेने जातात आणि फ्लोअर त्यांच्या मधे खाली उतरलेला असतो. जुनी बॉडी तशीच वर ठेवली तर गाडी कित्येक सेंटिमीटर उंच दिसते आणि तिचा गुरुत्वमध्यही वर जातो. खाली आणायची तर फ्लोअर कापून रेलच्या मधे नवा करावा लागतो. त्याबरोबर सीटचे पाय, सीटबेल्टचे आधार, गिअरबॉक्सचा बोगदा आणि पेडल यांची जागा बदलते.

मागे तर अडचण मोठी आहे, आणि ती खास वॅगनचीच आहे. नवी चासी मागच्या अ‍ॅक्सलवरून कमानीसारखी वर चढते. सेडानमध्ये ही कमान मागच्या सीटखाली आणि डिकीच्या उंचवट्यात लपते. वॅगनमध्ये तिथे सामानाचा सपाट फ्लोअर असतो. तो उचलला की दुसरी सीट दुमडून सपाट होत नाही, तिसऱ्या सीटची पाय ठेवायची खळगी जाते, स्टेपनीची जागा जाते. १९९८ नंतरच्या क्राउन व्हिक्टोरियात डिफरन्शियलच्या मागे वॉट्स लिंकेज (अ‍ॅक्सलला डावीउजवीकडे सरकू न देणारी दांड्यांची जोडणी) आहे. त्याच्या दांड्यांना हलायला मोकळी जागा लागते आणि ती पेट्रोलच्या टाकीकडून घ्यावी लागते. ज्या सपाट जागेसाठी माणूस वॅगन पाळतो तीच गमावून चासी घालणं हा तोट्याचा सौदा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बॉडी उचलण्याबद्दल तो सल्ला एक शब्द बोलत नाही. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीचा पत्रा आणि काचेखालचा पार्सल ट्रे बॉडीला आडवं धरून ठेवतात. वॅगनमध्ये दोन्ही नसतात. पाठीची फळी काढलेलं कपाट जसं तिरकं होतं, तशी चासीवरून सुटलेली वॅगन मागे तिरकी होते. त्यामुळे बॉडीचा पहिला बोल्ट सैल करण्याआधी आधार द्या. २५ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. प्रत्येक दाराच्या चौकटीत एक आडवा आणि एक तिरपा, डाव्या मधल्या खांबापासून उजव्या मधल्या खांबापर्यंत एक, आणि टेलगेटच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. शक्य तिथे बिजागरीच्या व सीटबेल्टच्या भोकांतून बोल्टने बांधा, म्हणजे दिसणाऱ्या पत्र्यावर वेल्डचे डाग पडणार नाहीत.

आता टेलगेटच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि आकडे मार्करने खांबाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. बॉडी नव्या चासीवर टेकली की पुन्हा मोजा. मूळ आकड्यांपासून ३ मिलिमीटरचा फरक पडला तरी कुलूप ओढून लावावं लागतं आणि टेलगेटमध्ये खालीवर होणारी काच खाचेत अडकते. फरक दिसला तर माउंटखाली शिम (पातळ चकत्या) घालून तो काढा, टेलगेटची बिजागरी वाकवून नव्हे. शिम घालण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स चासीत बसलेले हवेत, कारण त्या वजनाने पुढचा भाग दबतो आणि दारांच्या फटी बदलतात. पाइपचे आधार सगळ्यात शेवटी काढा.

डोनरचे बॉडी माउंट तुमच्या बॉडीच्या भोकांखाली येणार नाहीत. बहुतेक सगळे आधार नव्याने करावे लागतात. ते रेलच्या उभ्या बाजूला वेल्ड करा. वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड नको, रेलला वाकवणारा ताण तिथेच सगळ्यात जास्त येतो. व्हीलबेससाठी चासी लहानमोठी करायची असेल तर कापा मधल्या सरळ भागात, कमानीपाशी किंवा पुढच्या टोकाला कधीच नाही. काप झेडच्या आकाराचा, आतून स्लीव्ह, स्लीव्हला प्लग वेल्ड, बाहेरून निमुळत्या टोकांची पट्टी. काम झाल्यावर चासीचे कर्ण ३ मिलिमीटरच्या आत जुळले पाहिजेत.

‘इंजिन, वायरिंग, सगळं तयार मिळतं.’

इंजिन मिळतं. ते चालायला जे लागतं ते मिळतंच असं नाही. नव्या गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) एकटा काम करत नाही. चावीचा इमोबिलायझर, बॉडी मॉड्यूल, एबीएस, मीटर यांच्याकडून येणाऱ्या संदेशांवर तो अवलंबून असतो. त्यातलं एक काढलं की अनेकदा इंजिन सुरू होत नाही किंवा कमी ताकदीवर अडकून राहतं. दोनच मार्ग आहेत: डोनरची सगळी मॉड्यूल जपून बसवा, नाहीतर स्वतंत्र हार्नेस (वायरिंगचा संच) आणि त्यासाठी प्रोग्राम केलेला ईसीयू घ्या. जनरल मोटर्सचं एलएस मालिकेतलं इंजिन निवडलंत तर जनरेशन ३ च्या क्रँकवर २४ खाचांचा रिलक्टर (सेन्सरला क्रँकची जागा कळवणारी दातेरी चकती) असतो आणि जनरेशन ४ वर बहुधा ५८ चा; ईसीयू त्याला जुळणाराच हवा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पेडल, थ्रॉटल बॉडी आणि ईसीयू एकाच संचातले घ्या.

पेट्रोलचा मार्ग पूर्ण नवा करावा लागतो. कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय पुरतं, एलएसला ५८ लागतं. जुन्या ३०आर७ प्रतीच्या नळ्या त्या दाबासाठी नाहीत. किमान ३०आर९ हवी, क्लॅम्पही इंजेक्शनचे. टाकीत पंपाभोवती बॅफल (पेट्रोल एका बाजूला जाऊ न देणारे आडपडदे) नसेल तर अर्ध्या टाकीवर वळण घेताना पंप हवा ओढतो आणि इंजिन गचके खातं. एलएस इंजिनच्या हेडवरची वाफेची बारीक नळी अनेकजण बंद करून टाकतात. ती रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा एक्स्पान्शन टाकीत सोडा, नाहीतर हेडमध्ये हवा अडकून तो भाग तापतो. ट्रकमधल्या इंजिनची ऑइल पॅन खोल असते आणि खालच्या गाडीत क्रॉसमेंबरच्याही खाली लोंबते. पॅन आधी बदला, मगच इंजिनचे माउंट ठरवा.

जुन्या डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरमधून नव्या अल्टरनेटरचा शंभराहून जास्त अँपिअर प्रवाह नेऊ नका, डॅशमागे आग लागते. अल्टरनेटर ते बॅटरी अशी जाड स्वतंत्र वायर आणि तिच्यावर फ्यूज.

प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा दांडा, यालाही ‘तयार’ समजू नका. चासी डोनरची म्हणून कोन डोनरचे राहतील असं गृहीत धरू नका. गाडीची उंची बदलली की तेही बदलतात. अँगल गेजने मोजा. प्रत्येक क्रॉस जॉइंटचा कोन अर्धा ते तीन अंश, आणि पुढच्या-मागच्या कोनांत एका अंशाहून जास्त फरक नको. तसं नसेल तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते, आणि शाफ्ट कितीही बॅलन्स केला तरी थरथर जात नाही.

‘ब्रेक आणि एबीएस तसेच चालतात.’

कॅलिपर चालतात. पेडल मात्र जुन्या बॉडीचं असतं. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या पेडलचं गुणोत्तर साधारण ६:१, बूस्टरसाठी ४:१ च्या आसपास हवं. जुन्या पेडलला बूस्टर जोडला तर हलक्या दाबानेही चाकं लॉक होतात. एबीएस ठेवायचा तर चारही चाकांचे सेन्सर, मॉड्यूल आणि मूळ व्यासाचेच टायर ठेवा.

‘चासी नवी, म्हणून गाडी नव्याइतकी सुरक्षित.’

हे विधान धोक्याचं आहे. नव्या गाडीची सुरक्षितता चासी, बॉडी, एअरबॅग आणि बेल्ट यांच्या एकत्रित आखणीतून येते. पुढच्या रेल ठरलेल्या क्रमाने चुरगळतात आणि त्या वेळेनुसार एअरबॅग फुटते. बॉडी वेगळी झाली की तो हिशोब लागू राहत नाही, त्यामुळे डोनरच्या एअरबॅग जुन्या डॅशमध्ये बसवू नका. करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत: धक्क्यात आत दबणारा स्टिअरिंग कॉलम, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, आणि जाड प्लेटला वेल्ड केलेल्या नटांवर बसवलेले तीन बिंदूंचे बेल्ट, मागच्या सीटलाही.

‘इंजिन बदलण्यापेक्षा सोपं आणि स्वस्त.’

इंजिन बदलण्यात जे करावं लागतं ते सगळं यातही आहे: हार्नेस, पेट्रोल, रेडिएटर, एक्झॉस्ट, गिअर लिव्हर, स्पीडोमीटर. त्यावर फ्लोअर, माउंट, स्टिअरिंग शाफ्ट, हँडब्रेकची केबल आणि टाकी यांची भर पडते. मूळ चासी गंजली नसेल तर ती ठेवा, तिच्यावर नवं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवा, पुढे डिस्क ब्रेक व बोल्टने बसणारं सस्पेन्शन घाला, मागे सामानाच्या वजनाला पुरतील असे पाटे टाका. रोजच्या वापरात हवा असलेला जवळजवळ सगळा फायदा एवढ्यात मिळतो आणि सामानाचा फ्लोअर शाबूत राहतो.

नव्या चासीचा मार्ग आम्ही एकाच स्थितीत सुचवू: मूळ रेल आतून गंजून गेल्या आहेत आणि फ्लोअरही तसाच सडलेला आहे, म्हणजे तो कापायचाच होता. तेव्हाही आधी गाडीचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) कशावर कोरला आहे ते बघा. काही गाड्यांत तो चासीवर असतो, काहींत दाराच्या खांबावरच्या पट्टीवर. चासी बदलल्यावर गाडीची ओळख कोणती धरली जाईल, हे नोंदणी कार्यालयाकडून लेखी घ्या, आणि तयार झालेली वॅगन नोंदणीसह रस्त्यावर चालेपर्यंत जुनी चासी भंगारात देऊ नका.