शेजाऱ्याला वीज विकण्याच्या मेसेजमधला कच्चा हिशेब

कोल्हापुरात राजारामपुरीपासून रुईकर कॉलनीपर्यंतच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: छतावर सौर पॅनेल बसवा, उरलेली वीज ॲपवरून थेट शेजाऱ्याला ८ रुपये युनिटने विका, मध्ये महावितरण नाही, कसला आकार नाही, लखनौ आणि न्यूयॉर्कमध्ये हे सुरूही झाले आहे, आणि लाईट गेली तरी तुमची गल्ली उजळलेलीच राहील. स्थानिक वीजबाजाराची कल्पना मला मनापासून पटते, आणि म्हणूनच तिची अशी जाहिरात खटकते.

पहिला आक्षेप ‘थेट’ या शब्दावर आहे. कोल्हापूरकराला हे समजायला दूध संस्थेचे उदाहरण पुरते. सकाळी तुम्ही संस्थेत पाच लिटर दूध घातले आणि संध्याकाळी शेजाऱ्याने दुधाची पिशवी आणली, तर तिच्यात तुमच्याच म्हशीचे दूध आहे असे कोणी म्हणत नाही. लिटर आणि फॅट लिहिलेली पावती तुमच्याकडे असते आणि बिल तिच्यावर निघते. विजेचेही तसेच आहे. छतावरून बाहेर पडलेली वीज त्याच रोहित्रावरच्या जवळच्या घरांत वापरली जाते, मग त्या घरांशी तुमचा सौदा झालेला असो वा नसो. सौदा होतो तो मीटरच्या नोंदींचा. फरक इतकाच की दूध शीतकरण टाकीत थांबते, वीज थांबत नाही. म्हणून आपल्याकडे विजेच्या बाजारातला हिशेब १५ मिनिटांच्या टप्प्यांत, म्हणजे दिवसाच्या ९६ तुकड्यांत मांडला जातो: त्या पंधरा मिनिटांत तुम्ही दिलेली आणि त्याच पंधरा मिनिटांत शेजाऱ्याने वापरलेली वीज तेवढी जुळते. तुमची वीज दुपारी एक वाजता उरते आणि शेजारी कामावरून सात वाजता घरी येतो, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

‘महावितरण नाही, आकार नाही’ या दाव्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वीज ज्या तारांवरून आणि रोहित्रावरून जाते, त्यांची देखभाल कोणीतरी करतोच. आपल्या बिलात ‘वहन आकार’ नावाची ओळ त्यासाठीच असते. २००३ च्या वीज कायद्यानुसार वीज तयार करायला परवाना लागत नाही, पण तिचे वितरण किंवा व्यापार करायला लागतो, त्यामुळे स्वतःची केबल टाकून गल्लीपलीकडे वीज देण्याची पळवाटही उरत नाही. ग्राहकाला थेट वीज विकण्याचा मार्ग ‘ओपन ॲक्सेस’चा, म्हणजे वितरण कंपनीच्या तारा वापरून दुसऱ्याकडून वीज घेण्याच्या मुभेचा आहे. त्यासाठी वीज घेणाऱ्याच्या मंजूर भाराची किमान मर्यादा केंद्राच्या २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, आणि घरगुती शेजाऱ्याचा भार जेमतेम काही किलोवॅट असतो.

खरी गोम ८ रुपयांत आहे. नेट मीटरिंगमध्ये दुपारी बाहेर सोडलेले युनिट तुमच्याच रात्रीच्या युनिटशी वजा होते, म्हणजे त्याची किंमत तुम्ही एरवी भरला असता त्याच दराने वसूल होते. शिल्लक पुढच्या महिन्यांत ओढली जाते आणि वर्षअखेर जे उरते तेवढेच वितरण कंपनी कमी दराने विकत घेते. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचे अनुदान घेऊन ३ किलोवॅट बसवणारे एक कुटुंब धरू. लख्ख उन्हात दिवसाला सुमारे १२ युनिट निघतात. एप्रिल-मे महिन्यांत उरलेली युनिट जुलै-ऑगस्टमध्ये खर्ची पडतात, कारण आपल्याकडचा पाऊस आठवडा आठवडा सूर्य दाखवत नाही. महिना ३०० युनिट वापरणाऱ्या घरात वर्षअखेर विकण्याजोगे असे फार उरत नाही. शिवाय विकत घेणारा कोण? महिन्याला १०० युनिटच्या आत असलेल्या शेजाऱ्याला सर्वांत खालचा दर लागतो. तो ८ रुपये देऊन तुमच्याकडे कशाला येईल? येईल तो वरच्या टप्प्यातला, एसी चालवणारा ग्राहक. त्याच्या चढ्या दरातून खालच्या टप्प्यांचा भार काही अंशी उचलला जातो, त्यामुळे तो बाहेर पडला की ती तूट कोणाच्या बिलात दिसणार, हाही प्रश्न आहे.

लखनौचे उदाहरण खरे आहे, पण अर्धेच सांगितलेले. २०२० च्या अखेरीस तिथे इंडिया स्मार्ट ग्रिड फोरम आणि पॉवर लेजर या ऑस्ट्रेलियन कंपनीने प्रयोग केला, तो उत्तर प्रदेशच्या वीज नियामक आयोगाच्या परवानगीने आणि वितरण कंपनीच्याच जाळ्यावर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१६ साली प्रेसिडेंट स्ट्रीटवरच्या शेजाऱ्यांत गाजलेला सौदा झाला, तेव्हाही त्या भागातल्या तारा कॉन एडिसन या वीज कंपनीच्याच होत्या. दोन्हीकडे ब्लॉकचेन वापरली गेली, पण ती शेवटी खतावणी आहे: नोंद कोणाला खोडता येऊ नये यासाठी उपयोगी, वळवाच्या वाऱ्यात पडलेला खांब उभा करण्यासाठी नव्हे.

गल्ली उजळण्याचे तर सोडूनच द्या. पुरवठा बंद पडताच ग्रिडला, म्हणजे वीजजाळ्याला, जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरी आणि ग्रिडपासून वेगळे होण्याची सोय असेल तर तुमचे घर उजळेल, गल्ली नाही.

असा बाजार कुठे शोभेल याचा विचार करताना मला बंगल्यांपेक्षा वर्कशॉपांचे उद्यमनगर आठवते. साप्ताहिक सुटीच्या दिवशी वर्कशॉपच्या पत्र्यावरची वीज भर दुपारी उरते, आणि त्याच फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघालेल्या त्याच वाहिनीवरच्या, एखाद्या रुग्णालयाला किंवा शीतगृहाला ती त्याच पंधरा मिनिटांत हवी असते. वीज लांबून आणण्यातली गळती तिथे वाचते आणि रोहित्रावरचा भारही हलका होतो. राज्याच्या वीज नियामक आयोगाने अशा जवळच्या व्यवहारासाठी कमी वहन आकार ठरवून दिला, तर वर्कशॉपवाला, रुग्णालय आणि महावितरण या तिघांच्याही पदरात काही पडेल.