अक्ष ६८०० पासून का सुरू होतो, सांगाल का?

स्वच्छ सर्वेक्षणाचा, म्हणजे शहरांच्या स्वच्छतेच्या सरकारी क्रमवारीचा, विषय निघाला की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर रंगीत चार्ट धडाधड पडायला लागतात. खाली हात जोडलेले, फुलं, 'भिया, अपन तो नंबर वन'. अभिमान असू दे की, नाही कोण म्हणतंय? पण चार्ट नीट काढा ना! २०२२ ला ७५०० पैकी इंदूरला ७१४६ गुण, सुरतला सुमारे ६९२५, नवी मुंबईला ६८५३. आता उभा अक्ष ६८०० पासून सुरू करा आणि गंमत बघा. इंदूरचा स्तंभ सुरतच्या पावणेतीनपट, नवी मुंबईच्या साडेसहापट! खरा फरक किती? सुरत जेमतेम ३ टक्के मागे. पहिल्या आलेल्याला कशाला हवी ही धूळफेक?

आणि दरवेळी ही बदमाशी असते असंही नाही, तेच जास्त डोक्यात जातं. एक्सेलच्या साध्या चार्टमध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक षष्ठांशापेक्षा कमी असला, की 'ऑटो' शून्य सोडून अक्ष परस्पर वर चढवतो. म्हणजे आकडे जितके जवळजवळ, तितका फरक फुगणार. उपाय दहा सेकंदांचा आहे. अक्षावर राइट क्लिक, 'फॉरमॅट ॲक्सिस', 'मिनिमम'च्या चौकटीत ०. की लगेच तक्रार येते, सगळे स्तंभ सारखेच दिसायला लागले. अहो, जवळपास सारखेच आहेत म्हणून दिसतायत! बारीक फरकच दाखवायचाय तर स्तंभ सोडा, ठिपके काढा. ठिपक्याची आपण जागा वाचतो, स्तंभाची लांबी. बुडातून कापलेल्या स्तंभाची लांबी काय कामाची?

यातले अर्धवट शहाणे वेगळेच. त्यांना कुणीतरी 'शून्य' शिकवलेलं असतं, मग ते रेघेच्या चार्टलाही शून्य मागतात. मे महिन्यातल्या तापमानाची रेघ शून्यापासून काढली तर वाळत घालायच्या दोरीसारखी सपाट दिसेल, कळणार काहीच नाही. सेल्सिअसचं शून्य म्हणजे 'उष्णता नाही' असं नव्हे. रेघेत चढउतार बघायचा असतो, तिथे अक्ष वरून सुरू झाला तरी चालतं. आकडे मात्र ठळक लिहा.

त्याहून भारी प्रकार म्हणजे 'प्रगतीचा आलेख'. २०१७ ला इंदूरला १८०८ गुण, २०२२ ला ७१४६. जवळपास चौपट! फक्त २०१७ ला एकूण गुण २००० होते आणि २०२२ ला ७५००, हे चार्टवर कुठेच नाही. टक्क्यांत काढा: ९० वरून ९५. चांगलीच वाढ आहे, पण चौपट? सातवीतल्या पोराला कळेल, चार्ट काढणाऱ्याला कळू नये?

आता थ्रीडी पाय चार्ट. हा पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांचा लाडका. चकती तिरकी केली की समोरच्या तुकड्याचा कोन रुंद दिसतो, वर त्याची जाड कडही दिसते आणि डोळा ती कड तुकड्यातच मोजतो. मागच्या तुकड्याला कडच नसते. मग समोर कोण येतं? 'नियमित कर्ज'. मागे कोण? 'थकीत'. हा योगायोग नव्हे, 'अँगल ऑफ फर्स्ट स्लाइस' फिरवलं की हवा तो तुकडा हवा तिथे जातो. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच प्रयोग करून दाखवलंय की एकाच मापावरची जागा माणूस सगळ्यात अचूक वाचतो, मग लांबी नि कोन, आणि क्षेत्रफळ, घनफळ त्याच्याही खाली. सपाट पाय एकवेळ चालेल, दोन-तीन तुकडे असतील तर. नऊ तुकड्यांचा, तिरका, सावलीवाला, एक तुकडा बाहेर ओढलेला? तो सरळ फाडून टाका.

माणसांची चित्रं लावून संख्या दाखवणारेही तसलेच. संख्या दुप्पट झाली की चित्र उंचीलाही दुप्पट आणि रुंदीलाही. क्षेत्रफळ झालं चौपट. एकाच मापाची जास्त चित्रं लावायला काय होतं?

मध्य प्रदेशचा नकाशा घेऊन जिल्हे रंगवायचे तर तिथेही नुसते आकडे ओततात. इंदूर गडद, भोपाळ गडद, हरदा फिक्कट. अरे, २०११ च्या जनगणनेत इंदूर जिल्ह्यात सुमारे ३२.७७ लाख माणसं आणि हरद्यात ५.७ लाख! रुग्ण मोजा, मोटारी मोजा, इंदूरच गडद येणार. दर लाखामागे किती, ते काढून रंगवा, नाहीतर तो लोकसंख्येचाच नकाशा आहे.

या सगळ्याची किंमत भरतो कोण? जो खरा चार्ट काढतो तो. एकदा फसलेला माणूस पुढच्या प्रत्येक चार्टला 'सगळं सेटिंग आहे' म्हणतो. आणि फसल्याचं ज्याला कळलेलंच नाही तो नुसत्या चकाचक रंगांवर, लोगोवर विश्वास ठेवतो, खालच्या कोपऱ्यात 'स्रोत: इंटरनेट' लिहिलेलं असलं तरी. कुणी मोजलं, कधी, किती जणांना विचारलं, एवढी एक ओळ टाकायला हात झिजतात का?

आणि तो अहवाल सभेत वाटायचा असतो झेरॉक्स काढून. लाल, हिरवा, निळा तिन्ही एकाच करड्या रंगात, बाजूची रंगांची यादी बसली बोंबलत. लाल-हिरवा ज्यांना मुळातच ओळखू येत नाही त्यांचे तर आधीपासूनच हाल. नावं आणि आकडे सरळ तुकड्यांवर, स्तंभांवर लिहा, आणि छापायला देण्याआधी एक प्रत ब्लॅक अँड व्हाइट काढून बघा. तुम्हालाच वाचता आली नाही तर आम्हाला वाटू नका.